निबर पाला

आडी महिन्याचा, भर पावसाळ्यातला वारा सुटला की आमच्या लयमचे, मजुरांच्या चाळीचे, पत्रे बोलायला लागतात. पत्र्यांवर दगड ठेवलेले, दगडांवर शेवाळ धरलेलं, तरी वारा खालून बोट घालतोच. सहा खोल्या एका रांगेत, सहा खोल्या त्यांच्या पाठीला पाठ लावून. मधली भिंत नावालाच. एकीकडच्या खोलीतला खोकला पलीकडच्या खोलीतल्या झोपेत शिरतो. सहाव्या खोलीतल्या चेल्लैयाचा खोकला तर साऱ्या लयमचाच होऊन गेला होता. चहाच्या मळ्यावर औषध मारता मारता त्याच्या छातीत औषध बसलं, आणि पुढं दोरैनं, म्हणजे मळ्याच्या मोठ्या साहेबानं, त्याला कामाला नालायक ठरवून घरी बसवला. तेव्हापासून सहावी खोली उभी होती ती त्याच्या बायकोच्या, पेच्चियम्माच्या हातांवर.

त्या वर्षी आडीतच आमच्या टोळीच्या कंगाणीनं, म्हणजे मुकादमानं, अरुळप्पननं, तिला सांगितलं की मार्गळी महिना सरला की तिचं कामाचं वय भरतं. पाला वजनाला लावायच्या वेळी सांगितलं. सगळ्या बायका रांगेत उभ्या, डोक्यावरच्या पोत्यातून पाणी नाकावर गळतंय. अरुळप्पन वाईट माणूस नव्हता. वजनाचा आकडा सांगायचा त्याच आवाजात त्यानं तेही सांगून टाकलं, आणि पुढचीचं पोतं काट्याला लावलं.

खोली मळ्याची. घरातलं एक माणूस तरी कामावर पाहिजे, नाहीतर खोली दुसऱ्याला जाते. हे आम्हांला कुणी सांगावं लागत नाही. पेच्चियम्माच्या आजीला याच डोंगरावर माती दिली, आई याच खोलीत गेली, तिची स्वतःची नाळ याच खोलीच्या मागच्या केळीखाली पुरली. पण खोलीला यातलं काही माहीत नसतं.

खाली सपाटीवर, शंकरनकोविलच्या पलीकडं, त्यांचं गाव आहे म्हणतात. म्हणतातच. पेच्चियम्मा तवमणीला मांडीवर घेऊन जे गाणं म्हणायची, ते तिच्या आजीकडून आलेलं.

*चिंचेच्या गं सावलीला तळं माझ्या गावाकडं,*
*पाणी त्याचं गोड गोड, बाळा तुझ्या ओठाकडं.*

ते तळं तोवर पेच्चियम्मानं पाहिलं नव्हतं, तिच्या आईनंही नाही. एकदाच, चेल्लैयाच्या चुलत्याच्या दहाव्याला, दोघं तिकडं जाऊन आली. तळ्यात वेडी बाभूळ माजली होती. विहिरीचं पाणी मचूळ. ज्या जागेला चेल्लैया जन्मभर ‘आपली जागा’ म्हणत आला होता तिथं भावकीतल्या कुणाची म्हैस बांधलेली. बायकांनी पेच्चियम्माला जेवायला वाढलं, पण आपापसांत ‘डोंगरातली आलीत’ असंच म्हणत राहिल्या. उन्हानं तिच्या अंगावर पुरळ उठलं, तर एक म्हातारी म्हणाली, थंडीतलं रोपटं आहे, इथं जगायचं नाही. दोघांनी देवळाच्या ओट्यावर रात्र काढली आणि पहिली बस धरली. वर मुन्नारच्या बाजारात उतरली, तर मीठ मोजणारा दुकानदार त्याच्या मलयाळीत गड्याला म्हणाला, पांडींना आधी दे, त्यांना वर चढायचंय. पांडी म्हणजे खालचे, तमिळ मुलखातले, परके. पेच्चियम्मानं मीठ पदराला बांधलं आणि चढणीला लागली. लयम दिसलं, सहाव्या खोलीचा धूर दिसला, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “आलं बाई एकदाचं.”

तवमणी त्यांची एकुलती एक. तिला पेच्चियम्मानं चहाच्या झाडाला हात लावू दिला नव्हता. पोरगी लहान असताना आमच्या पोरांबरोबर खेळत एक पान तोडून घेऊन आली, तर आईनं तिच्या हातावर अशी चापट मारली की पाचही बोटं उठली. एकदा हात पाल्याला लागला की बोटांना काळं धरतं, आणि ते काळं कंगाणीला लांबून दिसतं, असं ती म्हणायची. आम्ही हसायचो. राणी आलीय म्हणायचो. तवमणी आमच्या पोरींसारखी सुट्टीत टोळीमागं आली नाही, पोत्याला हात लावला नाही, कुणाच्या ओळीत उभी राहिली नाही. शाळेतनं घरी, घरातनं शाळेत. पुढं खाली तेनीला जाऊन नर्सिंग शिकली, तिथल्याच एका छोट्या दवाखान्यात लागली. तीन पोरींबरोबर एका खोलीत राहायची. सणाला यायची तेव्हा तिच्या अंगाला फिनेलचा वास यायचा आणि पेच्चियम्मा तो अत्तरासारखा हुंगायची.

त्या दिवाळीला आईनंच तिला बोलावून घेतलं. अप्पाचं काही खरं नाही, असा निरोप दिला. तवमणी घाबरीघुबरी वर आली. पाहते तर अप्पा खाटेवर बसून कांजी पितोय, खोकतोय, नेहमीसारखाच.

दिवाळीचा दुसरा दिवस. पेच्चियम्मा चुलीपाशी सुकटीची डोकी खुडत होती आणि तवमणी भिंतीला टेकून बसली होती. बोलणं झालं ते सगळं पलीकडं ऐकू गेलं. आमच्या लयममध्ये काही लपत नाही.

“मळ्यावर नाव तेवढं लाव,” आई म्हणाली. “पुढचं पुढं बघू.”

“पुढं काय बघायचं, अम्मा? नाव लागलं की माणूस लागतं.”

“तुझ्या अप्पाला घेऊन मी कुठल्या झाडाखाली बसू?”

“माझ्याकडं चला. तेनीला.”

“तुझ्याकडं म्हणजे कुठं? तीन पोरींच्या खाटांमध्ये?”

“घेईन की एक खोली. मिळेल कुठंतरी.”

“आणि मी तिथं कोण गं?” पेच्चियम्माच्या हातातलं सुकटीचं डोकं तसंच राहिलं. “इथं आंधळ्याला विचार. सांगेल, पेच्ची का, ती सहाव्या खोलीतली. तिथं खाली मला हाक कुठल्या नावानं मारतील? डोंगरातली?”

चेल्लैया खाटेवरून म्हणाला, पोरीला सोड. तेवढं म्हटलं आणि उबळ आली. उबळ ओसरल्यावर बोलणं पुन्हा सुरू झालंच नाही.

तवमणी ‘नाही’ म्हणू शकली असती. मला वाटतं, नकार बरोबर घेऊन तेनीला जायची तिला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी ती अरुळप्पनकडं गेली. तो म्हणाला, टोळीबरोबर महिनाभर खुड, पाला बरा निघाला तर फील्डसाहेब नाव चढवतील. शिकलेली आहेस, पण झाड काही शिक्षण विचारत नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनं कुरकुरत सुट्टी दिली.

आणि तवमणी आमच्या ओळीत उभी राहिली. आईनं तिच्या कमरेला जाड कापड गुंडाळलं, झुडपांच्या काटक्यांनी पोट सोलून निघू नये म्हणून. पायांना चुना-तंबाखू चोळला, जळवा चढू नयेत म्हणून. केस फडक्यात बांधले. शेजारची शेण्बगम म्हणाली, “अगं पेच्ची, लग्नाला नटवतेस का पोरीला?” सगळ्या हसल्या. पेच्चियम्मा हसली नाही. तिनं गाठ आणखी आवळली.

धुकं टेकाडावरनं उतरत होतं आणि आम्ही त्याच्यात चढत होतो. खुडणीला डोळे लागत नाहीत म्हणतात, पण लागतात. दोन पानं आणि मधली कळी, एवढंच घ्यायचं. त्याखालचं पान निबर, त्याखालचा देठ काडीसारखा. निबर पाला गेला की कारखान्यातला साहेब फील्डसाहेबावर ओरडतो, फील्डसाहेब कंगाणीवर, कंगाणी आमच्यावर. आमच्या खाली ओरडायला कुणी नाही.

पेच्चियम्मानं लेकीची ओळ आपल्या ओळीला लागून मागून घेतली होती. पहिल्याच सकाळी तिच्या ध्यानात आलं. तवमणीचा हात आधी कोवळ्या शेंड्यावर जायचा, अचूक जायचा, क्षणभर थांबायचा, आणि मग खाली उतरून निबर पान घेऊन यायचा. रोग्याची शीर चाचपून काढणारी बोटं ती. त्यांना कोवळं-निबर कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच ती बरोबर चुकत होती. न येणाऱ्याचा हात कधी चुकतो, कधी नेम साधतो. तिचा हात एकदाही नेम साधत नव्हता.

पाला नापास झाला की दोष हाताचा. नाही म्हणणारी ती नव्हे, नाही म्हणणारा फील्डसाहेब. मग आईला तोंड दाखवता येईल. एवढाच पोरीचा विचार.

दुपारी वजनाच्या आधी आम्ही सिल्व्हर ओकच्या झाडांखाली पोती उतरवतो आणि काळा चहा पितो. पेच्चियम्मा उठली, लेकीला म्हणाली, तू पाय पसरून बस, पोती मी नेते. दोन्ही पोती घेऊन ती मोठ्या खडकामागं गेली. आम्ही पाहिलं. पण आमच्यात ते नवं नाही. एखादी दिवस गेलेली असली, एखादीला ताप असला, तर आपल्या पोत्यातला चार मुठी पाला तिच्या पोत्यात जातो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. उद्या आपल्यावर वेळ आली की दुसरीचा हात येतो. आम्हांला वाटलं, नव्या पोरीचं पोतं आई भरतेय. आम्ही तोंड फिरवून चहा पीत बसलो. इथंच आमची चूक झाली. पेच्चियम्मा पोतं भरत नव्हती, बदलत होती. आपला सगळा कोवळा पाला लेकीच्या पोत्यात आणि लेकीचा सगळा निबर आपल्या पोत्यात.

काट्यापाशी अरुळप्पननं तवमणीच्या पोत्यात हात घातला आणि खूश झाला. “आईचं दूध बोललं,” म्हणाला. मग त्यानं पेच्चियम्माच्या पोत्यात हात घातला, मूठ वर काढली आणि तिच्याकडं बघत राहिला. “काय हे, पेच्ची? गुरांना घालायचं आहे का?” पेच्चियम्मा म्हणाली, उजेड नव्हता. तवमणी शेजारीच उभी होती. मुठीतला पाला तिनं ओळखला. आपण तोडलेलं पान माणूस ओळखतंच.

पण ओळखून बोलणार काय? हा पाला माझा म्हणावं, तर तो मी मुद्दाम तोडला हे सांगावं लागणार. आणि आईनं तरी काय म्हणावं? मी बदलला म्हणावं, तर तू मुद्दाम तोडतेस हे बोलावं लागणार. एकाच चुलीपाशी बसून, एकाच भांड्यातली कांजी खात, दोघी एकमेकींपासून तीच एक गोष्ट लपवत राहिल्या, जी दोघींना ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी तवमणीनं आणखी निबर तोडला. नुसत्या काड्या. आईनं त्या घेतल्या. तवमणीनं आपलं पोतं सोडायचं नाही असं ठरवलं, तर आई तोल गेल्यासारखं करून तिच्यावर पडली आणि उठताना पोती बदलली गेली. एक दिवस तवमणी चहाला बसलीच नाही, पोतं घेऊन थेट काट्याकडं निघाली, तर आईनं वाटेत गाठून पोतं डोक्यावरनं उतरवून घेतलं, सगळ्यांदेखत, मायेनं, दमली असशील गं म्हणत. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हांला वाटलं, दमलीय.

कार्तिगै महिना लागला. पावसाचा बारीक भुरका पडायचा, उघडायचा, पुन्हा पडायचा. पेच्चियम्माची रोज बोलणी व्हायला लागली. उभ्या मळ्यात जिच्या हाताचं नाव घ्यायचे त्या बाईला आता अरुळप्पन काट्यापाशी शेवटी उभी करायचा. शेण्बगम म्हणाली, जाता जाता मळ्यावर सूड काढतेय का? कुणी म्हणालं, डोळ्यांत फूल पडलं असेल. पेच्चियम्मा सगळ्याला हो म्हणायची. तिचे खांदे उतरले होते, पण नजर लेकीच्या पोत्यावरनं हलत नव्हती.

मग फील्डसाहेब आला. कोवळा पोरगा, मलयाळी, बुटांना चिखल लागलेला आणि त्या चिखलावरच सगळा राग. अरुळप्पननं त्याला सांगून ठेवलं होतं की आज नव्या पोरीचा पाला बघायचा आहे. आधी तवमणीचं पोतं उघडलं. साहेबानं मान हलवली. मग म्हणाला, जिच्या पाल्याबद्दल कारखान्यातनं रोज ऐकून घ्यावं लागतंय ती म्हातारी कोण? पेच्चियम्मा पुढं झाली. त्यानं तिचं पोतं ताडपत्रीवर उलटं केलं. काड्या, निबर पानं, मधेच कुठंतरी चुकून राहिलेली एखादी कळी.

“निवड,” तो म्हणाला. “इथंच, सगळ्यांसमोर.”

पेच्चियम्मा गुडघ्यांवर बसली. ताडपत्रीवर पाणी साठलेलं होतं, ते तिच्या लुगड्यात शिरलं. पाल्याच्या ढिगातून ती एकेक कोवळं पान वेगळं काढायला लागली. पिंढरीवर एक जळू फुगून गळून पडली होती, तिथनं रक्ताची धार घोट्यापर्यंत आली होती. ती पुसायलाही तिनं हात थांबवला नाही. आम्ही उभ्या. पाऊस उभा.

तवमणी ओळीतून बाहेर आली.

“सर, हा पाला माझा आहे.”

साहेबानं तिच्याकडं पाहिलं. “तुझा मी आत्ताच पाहिला.”

“तो अम्माचा. हा माझा. मीच तोडलाय असा. मुद्दाम.”

अरुळप्पन हसला. साहेबानं विचारलं, काय शिकलीस? ती म्हणाली, नर्सिंग. तो म्हणाला, “शिकलेली पोर आईसाठी चारचौघांत खोटं बोलते. चांगलं आहे. अशी माणसं मळ्याला हवीच आहेत.”

“खोटं नाही. विचारा तिला.”

साहेबानं बुटाचं टोक ताडपत्रीवर आपटलं. “काय गं, हा पाला हिचा?”

पेच्चियम्माची बोटं पाल्यात होती. ती म्हणाली, “माझाच हाय, दोरै. दिसत नाही हल्ली.”

“अम्मा,” तवमणी म्हणाली. “वर बघून सांग.”

पेच्चियम्मानं वर पाहिलं नाही. एक कळी सापडली होती, ती तिनं अलगद उचलली, पाणी झटकलं आणि चांगल्या पाल्यात ठेवली. मग दुसरी शोधायला लागली. तवमणी बराच वेळ तिच्या माथ्याकडं, फडक्यातून सुटलेल्या पांढऱ्या बटांकडं बघत राहिली. साहेबानं अरुळप्पनला नाव चढवायला सांगितलं आणि जीपकडं गेला. आम्ही दोघी-तिघींनी पेच्चियम्माला काखेत धरून उठवलं. तवमणीनं नाही.

त्या संध्याकाळी घरी जाताना लेक पुढं होती आणि आई मागं. खोलीत गेल्यावर तवमणी बापाला म्हणाली, नाव लागलं, अप्पा. चेल्लैयानं तोंड भिंतीकडं केलं. पलीकडं आम्हांला त्याचा खोकला ऐकू येत होता, दाबून दाबून धरलेला. पेच्चियम्मानं भात वाढला. तवमणीनं तो सगळा खाल्ला, ताट धुतलं, कपडे बदलले. रागाचा एक शब्द काढला असता तर पेच्चियम्मानं तिचे पाय धरले असते. तिनं तो काढला नाही.

तेनीहून तिची पेटी आली. ती तिनं खाटेखाली सरकवली आणि उघडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती खुडायला लागली, दोन पानं आणि मधली कळी. हात वाऱ्यासारखा चालायचा. अरुळप्पन म्हणायचा, आईपेक्षा सरस निघाली. आमच्याशी ती बोलायची, चहाची लोटी पुढं करायची, कुणाला ताप आला तर डोळे उघडून बघायची आणि गोळी सांगायची. आईशीही बोलायची. मीठ कुठं ठेवलंय, पाणी तापलं का, अप्पानं औषध घेतलं का, एवढंच. घरात असावं तेवढं बोलणं होतं. त्याच्या पलीकडं काही नव्हतं.

मार्गळी सरला. तै महिन्याच्या पहिल्या सोमवारी भोंगा झाला आणि पेच्चियम्मा सवयीनं उठली, कमरेला कापड गुंडाळायला लागली. तवमणीनं ते तिच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या कमरेला बांधलं. डबा उचलला. दारात ती थोडी थबकली, तशी पेच्चियम्मा चुलीपासून अर्धी उठली. तवमणीनं चप्पल सरळ केली आणि टोळीत मिसळून गेली.

लयम रिकामं झालं. पेच्चियम्मानं भांडी घासली, झाडलं, खाट झटकली. आणि मग करायला काही उरलं नाही. ऊन वर आलं. मागच्या झरोक्यातून एक पट्टा आत आला, चुलीवरून भिंतीवर चढला, आणि भिंतीवरची ओल, तिच्या आईच्या हातचा चुना, खिळ्याखालची भेग, सगळं दिसायला लागलं. जन्मभर ती या खोलीत पहाटे आणि संध्याकाळीच असायची. रविवारी मुन्नारचा बाजार, लाकडं, धुणी. या वेळेला खोली अशी दिसते हे तिला माहीतच नव्हतं. ती मधोमध उभी राहिली, दुसऱ्याच्या घरात राहावं तशी, कुठं बसू विचारल्यासारखी.

चेल्लैयाला दिवसाचं एकटं राहायची सवय. ग्लानीत त्याला कुणाची तरी चाहूल लागली. “कोण आहे?” त्यानं विचारलं.

पेच्चियम्मा बाहेर आली आणि पायरीवर बसली.

समोरच्या उतारावर टोळी चढली होती. मळ्यातून ती रोज आपली खोली शोधायची, पत्र्यावरच्या दगडांवरून, केळीवरून, आणि पहिल्या नजरेत तिला ती सापडायची. आज ती खोलीतून मळ्याकडं बघत होती. हिरव्या ओळींमध्ये छाती-छातीएवढ्या बुडालेल्या बायका, डोक्यांना फडकी, पाठींवर झोळ्या, सगळ्यांचे हात एकाच लयीत पुढं जाऊन मागं येणारे. तिनं कपाळावर हात धरला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं, मग परत पहिल्या टोकाकडं आली.

त्यातली आपली कुठली, ते तिला ओळखता येईना.